बांडगुळावरचं हळदीकुंकू

गेल्या वर्षी दसरा झाला, भातं पिवळी पडायला लागली आणि कलमांवरची बांडगुळं काढायला तातू आले. दरवर्षीचंच काम. सड्यावरच्या आमच्या बागेत जुन्या हापूस कलमांच्या शेंड्यांत कुठे ना कुठे बांडगूळ धरलेलं असतं. आंब्याचा पाला गर्द हिरवा आणि बांडगुळाचा जाडसर, जरा राखाडीकडे झुकणारा, त्यामुळे खालूनही ओळखू येतं. तातू कोयती कमरेला अडकवून वर चढतात, बांडगुळाच्या गाठीपासून हातभर मागे फांदी धरतात आणि दोन-तीन घावांत खाली पाडतात. नुसतं बांडगूळ ओरबाडून भागत नाही, गाठीत जीव राहतो आणि पुन्हा फुटवे येतात. मी खाली फांद्या ओढून एका बाजूला टाकत होते. एका फांदीला हात घातला तर पान उलटं झालं, आणि त्याच्या पाठीवर पिवळीधमक, उभट अंडी दिसली. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, एकमेकांपासून सारखं अंतर राखून घातलेली. पाडलेल्या फांदीवर, अजून ताज्या पानावर. तातू उतरले, पान हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. “ओ वयनी, ही त्या पिवळ्या-तांबड्या पाखराची अंडी काय?” मी म्हटलं, हो, हळदीकुंकू फुलपाखराची. ते थोडा वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एवढी झाडां आसत आजूबाजूक. मगे ह्या बांडगुळारच कित्याक येता ता?”

मी काहीतरी उत्तर दिलं. ते अपुरं होतं हे देतानाच कळत होतं.

बांडगुळाबद्दल आमच्याकडे कुणाला माया नाही. लग्न होऊन देवगडला आले तेव्हापासून ऐकते आहे, बांडगूळ माजलं की फांदी सुकते आणि फांदी सुकली की मोहर गेला. ते खरंच आहे. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते आपलं आपण करतं, पण पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीत मूळ खुपसून ओढून घेतं. कातळावरच्या कलमाला चैत्र-वैशाखात आधीच पाण्याची ओढाताण, त्यात हा वाटेकरी. पण थंडीत त्याला फुलं येतात तेव्हा मी त्याच्याखाली थांबते. नारिंगी-लाल नळ्यांचे घोस, आणि त्या नळ्यांत बाक असलेली चोच घालून फिरणारे शिंजीर. पुढे फळं धरली की फुलटोच्या येतो, अंगठ्याएवढा पक्षी, सतत चिक् चिक् करणारा. फळातली बी इतकी चिकट असते की ती त्याला सहजी सोडत नाही. तो चोच नाहीतर बूड फांदीला घासतो आणि बी तिथेच बसते. पुढच्या पावसात तिथे दोन कोवळी पानं दिसतात. म्हणजे ज्या बांडगुळावर तातू कोयती चालवतात ते कुणीतरी पेरलेलं असतं, आणि त्या पेरणाऱ्याचं पोट त्याच्यावर चालतं. हळदीकुंकवाचंही तसंच.

हे फुलपाखरू कोकणात कुणाला माहीत नाही असं होणार नाही. वरून पांढरं, काळ्या रेघांचं, त्यात फारसं काही नाही. पंख मिटून फुलावर बसलं की मात्र हळदीचा पिवळा आणि कडेला कुंकवाचे ठिपके. उडतंही रमतगमत, घाई नसल्यासारखं, उंचावरून. ते भडक रंग पक्ष्यांना इशारा देण्यासाठी असतात, मला खाऊ नका, मी कडू आहे. आणि तो कडूपणा बांडगुळाच्या पाल्यातून येतो असं मानलं जातं. अंड्यांतून अळ्या निघाल्या की त्या पांगत नाहीत. एकाच पानाच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसतात, पिवळट तपकिरी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, आणि एकजुटीने पान संपवून पुढच्या पानावर जातात. फांदी हलवली तर पटापट खाली पडतात, पण जमिनीवर येत नाहीत. तोंडातून काढलेल्या रेशमाच्या धाग्यावर मधेच लोंबकळत राहतात आणि धोका टळला की त्याच धाग्याने वर जातात. आंब्याचं पान त्यांच्या अंगाला लागून असतं. त्याला त्या तोंड लावत नाहीत.

हे लक्षात आल्यापासून तातूंचा प्रश्न मला जास्तच छळायला लागला. हिरवं दिसतं म्हणून सगळंच खाण्याजोगं असतं असं आपण धरून चालतो. किड्यांच्या लेखी तसं नसतं. पान खाल्लं जाऊ नये म्हणून झाडं काय काय करतात त्याची चव आपण रोज घेतो, फक्त आपल्याला ती चव आवडते म्हणून लक्षात येत नाही. मोहरीचा झणका, मिरचीचा तिखटपणा, हिंगाचा उग्रपणा, कढीपत्त्याचा वास: आपल्या फोडणीत पडणारं बहुतेक सगळं झाडांनी मुळात दुसऱ्या कुणाला तरी दूर ठेवण्यासाठी तयार केलेलं आहे. हजारो किडे त्या वासाने दूर राहतात. पण एखादा ते विष पचवायला शिकतो, आणि मग त्याच्यासाठी तोच वास जेवणाची वर्दी होतो. 1910 साली एका डच वनस्पतीशास्त्रज्ञाने करून पाहिलं होतं, की मोहरीकुळातलं ते तिखट द्रव्य एरवी नको असलेल्या वस्तूला लावलं तर कोबीवरच्या अळ्या तीही खायला लागतात. 1959 साली गॉटफ्रीड फ्रेंकेल या कीटकशास्त्रज्ञाने मांडलं, की वनस्पतींमधली ही नाना द्रव्यं म्हणजे टाकाऊ काहीतरी नव्हे, किडे आणि झाडं यांच्यातल्या जुन्या झगड्याचं ते शस्त्र आहे. पाच वर्षांनी, 1964 मध्ये, पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी जगभरातली फुलपाखरं आणि त्यांची खाद्यझाडं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा दिसलं की जवळच्या नात्यातली फुलपाखरं जवळच्या नात्यातल्या झाडांवर वाढतात. झाडाने नवं विष काढायचं, किड्याने त्यावर उतारा काढायचा, असं लाखो वर्षं चालत आलेलं आहे. त्या उताऱ्याची किंमत अशी, की एकात पारंगत झालेला किडा बाकीच्या पानांपुढे उपाशी राहतो.

आमच्या विहिरीजवळ कढीपत्ता आहे, त्याला लागून कागदी लिंबू, आणि परड्याच्या टोकाला सासूबाईंनी लावलेला बेल. बांधापलीकडे काटेरी खोडाचं तिरफळाचं झाड, ज्याच्या टरफलांशिवाय बांगड्याचं तिखलं आमच्याकडे कुणी घशाखाली उतरवत नाही. पानांचे आकार वेगळे, फळं वेगळी, उपयोग वेगळे. ही चारही झाडं एकाच लिंबाच्या कुळातली आहेत हे मला पुस्तकातून कळलं. फुलपाखरांना ते पायांनी कळतं. कॉमन मॉरमॉनची काळी मादी विहिरीपाशी येते तेव्हा तिला नीट पाहावं. ती आधी कढीपत्त्याच्या आसपास भिरभिरते, पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप करते. तिच्या पायांत चव घेणारी इंद्रियं असतात. पान खरवडून त्यातला रस ती पायांनी चाखते. शेजारच्या जास्वंदीवर टेकली तर लगेच उडते. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर टेकली तर पोट वाकवून कोवळ्या पानाला एक अंडं चिकटवते, एकच, आणि दुसऱ्या पानाकडे जाते. हे सगळं इतक्या झटकन होतं की फोडणीसाठी डहाळी तोडायला आलेला माणूस बघत राहिला तर तेल करपायचं. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते, ज्याला आंबूस, उग्र दर्प असतो. वासाने दुसऱ्याला हाकलायची झाडाची तऱ्हा अळीनेही स्वतःच्या राखणीला लावलेली. तिरफळावर तर त्याहून मानाचे पाहुणे येतात. मलबार बँडेड पिकॉक हे निळ्या-हिरव्या पट्ट्याचं फुलपाखरू, केरळचं राज्य फुलपाखरू, फक्त सह्याद्रीच्या आसऱ्याने राहणारं, आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या जंगलापर्यंत येणारं, ते या तिरफळाच्या पाल्यावर वाढतं. काट्यांमुळे आणि जागा अडते म्हणून लोक तिरफळ तोडून टाकतात तेव्हा मला तिखल्याआधी त्याची आठवण येते.

रुईची गोष्ट माझ्या माहेरची. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची म्हणून आजी मला समुद्राकडच्या वाटेवर पाठवायची. पान अखंड हवं, भोकाचं चालायचं नाही, चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, एवढ्या तीन सूचना. अखंड पान शोधायला लागलं की लक्षात यायचं, किती पानं भोकांची आहेत. आणि भोकांच्या पानांवर हमखास पट्ट्यापट्ट्यांची अळी: काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या वळ्यांची, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या जोड्या. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची. मला तेव्हा त्या पानाचा राग यायचा. पुढे खूप वर्षांनी एकदा तशाच एका झाडापाशी बसून एक अळी खाताना पाहिली. ती सरळ खायला लागलीच नाही. आधी पानाच्या शिरेवर गेली आणि ती शीर चावत बसली. पांढराशुभ्र चीक भळभळला, अळीचं तोंड माखलं, तिने मान वळवून ते पानाला पुसलं, पुन्हा चावली. चीक आटला, पानाचा पुढचा भाग मान टाकल्यासारखा लोंबला, तेव्हा कुठे ती त्या लोंबत्या भागावर जाऊन निवांत खायला बसली. रुईचा चीक तोंडात गोठला तर लहान अळी त्यातच चिकटून मरते, म्हणून आधी पाट फोडून पाणी दुसरीकडे काढायचं आणि मग वाफ्यात उतरायचं. चिकातली हृदयाला घातक द्रव्यं तरीही थोडी पोटात जातातच, पण ती तिला बाधत नाहीत. उलट फुलपाखरू झाल्यावर त्या कडूपणाचा धाक पक्ष्यांना राहतो. मारुतीच्या माळेसाठी मी टाकून दिलेल्या प्रत्येक पानावर कुणीतरी असं काम केलेलं होतं.

विषाची ही उसनवारी किती दूर जाते याचं मला सगळ्यात नवल वाटलं ते ईश्वरीच्या वेलापाशी. सापसंद म्हणतात तो. जुन्या जाणत्या लोकांकडे विंचू-सापावर त्याचं औषध असायचं, आणि आता आपल्याला ठाऊक आहे की त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल माणसाची मूत्रपिंडं निकामी करतं. क्रिमझन रोझ नावाचं काळं फुलपाखरू, लाल अंगाचं, पंखांवर लाल ठिपके आणि पांढरे पट्टे असलेलं, याच वेलावर वाढतं आणि ते विष अंगात घेऊन फिरतं. त्याला एकदा चोचीत धरणारा पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आता आमच्या विहिरीवरची ती कॉमन मॉरमॉन आठवावी. तिच्या माद्यांमध्ये तीन तऱ्हा असतात. एक नरासारखीच दिसणारी, एक कॉमन रोझ या क्रिमझन रोझच्या भाईबंदासारखी आणि एक थेट क्रिमझन रोझसारखी. कढीपत्ता खाऊन वाढलेलं, पक्ष्याला अगदी चवदार लागेल असं फुलपाखरू, ईश्वरी खाल्लेल्या फुलपाखराचा वेष घालून निर्धास्त हिंडतं. 2014 साली फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा सगळा वेष एकाच जनुकाच्या हाती आहे, आणि तो जनुक तोच, जो एरवी किड्यांमध्ये नर-मादीतला फरक घडवतो. म्हणजे माझ्या फोडणीच्या झाडावरची मादी जगणार की नाही, हे बांधावरच्या कुंपणात कुठेतरी ईश्वरीचा वेल शिल्लक आहे की नाही यावर थोडंफार ठरतं. कुंपण साफ करताना माणूस ‘नुसती झुडपं’ म्हणतो तेव्हा हे त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. असावं असं मला मनापासून वाटतं.

मृगाचा पाऊस लागला की टाकळा उगवतो. आम्ही त्याची कोवळी पानं खुडून भाजी करतो, ओलं खोबरं घालून. त्याच पानांवर पिवळी आणि फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरं अंडी घालून जातात. आपलं खुडणं संपतं तेव्हा त्यांचं सुरू झालेलं असतं, इतकी ती वाटणी बिनबोभाट आहे.

पण सगळ्या वाटण्या अशा नसतात. आंब्याच्या बागेत बसून हे लिहिते आहे, तेव्हा तुडतुड्यांबद्दल न लिहिणं खोटेपणा होईल. मोहर आलेल्या कलमाखालून चालत जाऊन पाहावं. पालवीत सरसर आवाज होतो, पाऊस आल्यासारखा, आणि तोंडावर, मानेवर, डोळ्यांवर बारीक काहीतरी आदळत राहतं. ते तुडतुडे. मोहराच्या देठांत अंडी घालायची, पिल्लांनी आणि मोठ्यांनी मिळून मोहराचा रस शोषायचा. अंगातून गोड चिकट द्रव बाहेर टाकायचा, तो पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. आमच्याकडे म्हणतात, खार पडला. मोहर करपतो, कणी गळते, आणि घरात कुणी फार बोलत नाही. माझ्या लग्नानंतरच्या सुरुवातीच्या एका हंगामात अशी बाग गेलेली मी पाहिली आहे. त्या वर्षी सासऱ्यांनी नवी छपरी बांधायचं मनातून काढून टाकलं आणि धाकट्या दिराने मुंबईची वाट धरली. म्हणून फवारणीचा पंप घेऊन निघालेल्या माणसाला निसर्गाच्या गोष्टी सांगाव्यात असं मला वाटत नाही. मोहर फुटण्याआधीपासून, फळ वाटाणा, गोटी, सुपारी असं वाढेपर्यंत, कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारण्या होतात, आणि त्या झाल्या नाहीत तर आंबा हाताला लागत नाही. त्याच फवारणीत मोहरावर येणाऱ्या, परागीकरण करणाऱ्या माश्याही जातात, हेही दिसतं. दोन्ही एकाच डोळ्यांनी बघावं लागतं.

खूप विचार केल्यावर मला वाटायला लागलं, की हळदीकुंकू आणि तुडतुडा यांच्यात स्वभावाचा फरक काहीच नाही. दोघंही आपापल्या झाडाला बांधलेले, दोघांनाही त्या झाडावाचून गती नाही. फरक झाडांच्या मांडणीत आहे. बांडगूळ इथे एक, तिथे एक, फुलटोच्याने टाकलं तिथे. हळदीकुंकवाच्या मादीला एकापासून दुसऱ्यापर्यंत शोधत उडावं लागतं, आणि वाटेत पक्षी, कोळी, गांधीलमाश्या आपला वाटा घेतात. हापूसचं तसं नाही. प्रत्येक कलम हा एकाच झाडाचा तुकडा. डोंगरच्या डोंगर आम्ही त्याच एका झाडाने भरले. त्याच चवीचा मोहर, साधारण एकाच वेळी, नजर जाईल तिथपर्यंत. तुडतुड्याला शोधायचं काही ठेवलंच नाही. भातातल्या गादमाशीचं असंच: तिची अळी भाताच्या कोंबात शिरून त्याला अशी काही भूल घालते, की लोंबी येण्याऐवजी कोंबाची पोकळ, चंदेरी नळी होते आणि त्यात अळी सुखाने वाढते. एका रोपाकडून स्वतःचं घर बांधून घेण्याची ही करामत रानातल्या गवतात झाली असती तर आम्ही कौतुकाने बघितली असती. मळ्यात होते तेव्हा पोटात गोळा येतो.

आंब्यावर फक्त तुडतुडेच राहतात असंही नाही. हापूसच्याच जुन पानावर मला एकदा बॅरन फुलपाखराची अळी दिसली. दिसली म्हणजे, आधी दिसलीच नव्हती. पान देठाशी थोडं कुरतडलेलं म्हणून नजर थांबली. पानाच्या बरोबर मधल्या शिरेवर ती लांबलचक आडवी पडली होती. तिच्या पाठीवरून फिकट रेघ जात होती, ती शिरेवर शीर होऊन बसली होती. दोन्ही अंगांना हिरव्या, पिसांसारख्या फांद्या फुटलेल्या, त्या पानावर सपाट पसरलेल्या, त्यामुळे अंगाची कड कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, सावलीसुद्धा पडत नव्हती. इतकं आंब्याचं पान होण्याला किती पिढ्या लागल्या असतील. ही अळी आंब्याचीच, काजूच्या पानांवरही सापडते, आणि तिच्यामुळे कुणाची बाग गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पंपातून येणारं औषध तुडतुडा आणि ती यांच्यात निवड करत नाही. म्हणून आता आमच्या घरात एवढं ठरलं आहे, की गडग्याकडेचे जुने रायवळ आंबे, कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांच्या अंगावर पंप जायचा नाही.

रायवळाची कल्पना खरं म्हणजे तातूंची. त्या दिवशी पाडलेली फांदी घेऊन आम्ही दोघं उभे होतो. तोडलेलं बांडगूळ दोन दिवसांत सुकणार, अंडी फुटली तरी अळ्यांना खायला काही उरणार नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. गडग्याकडेच्या रायवळावर मोठं बांडगूळ आहे, त्याच्याकडे बघून म्हणाले, “ह्येच्यावरचा ऱ्हवांदे. ह्येचो आंबो आपण खंय इकतव?” आणि अंड्यांचं पान असलेली डहाळी तोंडात धरून ते रायवळावर चढले, त्या बांडगुळाच्या बेचक्यात खोचून आले. उतरताना ओंबील मुंग्यांनी त्यांना पुरतं फोडून काढलं. त्या मुंग्या अळ्यांनाही सोडत नाहीत, तेव्हा वर पुढे काय झालं ते खालून कळायला मार्ग नव्हता. त्यांनी विचारलेल्याचं सगळं उत्तर मी त्यांना पुढे एका संध्याकाळी दिलं, विषापासून मोहरीपर्यंत. ते ऐकून म्हणाले, म्हणजे कुळाचारच म्हणायचो.

त्या कुळाचाराच्या बाहेरचेही आता येऊ लागले आहेत. माडांच्या झावळ्यांखाली पांढऱ्या मेणचट नक्षीची वेटोळी दिसायला लागली आणि खालच्या अळूवर, केळीवर काळी काजळी धरली, तेव्हा कळलं की ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची, भारतात 2016 साली दक्षिणेत पहिल्यांदा सापडली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकली. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे माडाचे जुने वैरी, त्यांची खोड गावाला पाठ आहे, भोकात तार घालून भुंगा ओढून काढणारी माणसं आहेत. या माशीची तशी ओळख कुणाला नव्हती. तिच्या मागोमाग एन्कार्सिया नावाची डोळ्याला जेमतेम दिसणारी गांधीलमाशी आली, जी तिच्या पिल्लांत अंडी घालते, आणि तज्ज्ञांचा सल्ला असा की घाईने औषध मारू नका, तिला काम करू द्या. माड उंच, फवारणी तशीही अवघड, म्हणून हा सल्ला मानला गेला. झावळ्या अजून पूर्ण स्वच्छ नाहीत. पण वेटोळ्यांतली काही पिल्लं काळी पडलेली भिंगातून दिसतात, म्हणजे गांधीलमाशी पोचली आहे.

यंदा श्रावणात शाळेत सातवीच्या मुलांना मी सांगितलं, की घराजवळचं एक झाड निवडा आणि त्याच्यावर कोण कोण जेवतं ते वहीत लिहा. एका मुलीने शेवगा घेतला. दोन दिवसांनी ती सांगत आली, की खोडावर तपकिरी केसाळ अळ्यांचा थर बसलाय. दिवसभर हलत नाहीत, रात्री वर चढून पाला खातात. अष्टमी तोंडावर आलेली. आमच्याकडे त्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या लागतात, आणि तिची आई तो पाला आणि पुढे शेंगा आठवड्याच्या बाजारात विकते. आई रात्री चूड पेटवून खोड भाजणार होती. “बाई, आईने चूड लावली तर वहीत काय लिहू?” तिने विचारलं. मी म्हटलं, तेही लिही. आईला थांबव असं मी म्हटलं नाही. झाड तिचं, पाला तिचा, आणि त्या अळ्यांचे केस अंगाला लागले तर दिवसभर आग होते. फक्त, भाजायच्या आधी काठीने चार-पाच अळ्या एका बरणीत पाडून आण, एवढं सांगितलं.

ती बरणी आता वर्गाच्या खिडकीत आहे. तळाशी चार बोटं माती घातली आहे, कारण या अळ्या कोष करायला जमिनीत उतरतात. रोज कुणीतरी ताजी डहाळी आणतं. एकदा ती आणायची राहिली म्हणून एका मुलाने पांगाऱ्याचा पाला टाकला. दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा होता. मग मुलांना नादच लागला. जास्वंद, पेरू, भेंडी, अळू, कढीपत्ता, एकेक पान टाकून बघतात, आणि वहीत दोन रकाने आखले आहेत, ‘खाल्लं’ आणि ‘नाही खाल्लं’. दुसरा रकाना पान उलटून पुढे गेला आहे. पहिल्यात अजून शेवगा एकटाच आहे.